किचनमध्ये ऐकतो, खाली नेला की ऐकत नाही, त्याचं काय करायचं

भांडुपच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचा चिकू ७ महिन्यांचा आहे, गेल्या पावसाळ्यात बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडीखाली सापडलेलं पिल्लू. घरात ‘बस’ म्हटलं की लगेच बसतो पण खाली नेलं की ओळखही दाखवत नाही, ‘ये’ म्हटलं की उलट लांब पळतो, आणि शेजारचे सांगतायत की गावठी कुत्री शिकत नसतात, चोक चेन, म्हणजे ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी, घाला म्हणजे सुतासारखा सरळ येईल. वन बीएचके, पाचवा मजला, घरात सासूबाई, नवरा आणि ९ वर्षांचा मुलगा. तर चेन घ्यावी का, आणि सुरुवात कुठून करावी.

ताई, चेन घेऊ नका, त्याच्याबद्दल पुढे लिहितेच. मी गेली १८ वर्षं मुंबईत घरोघरी जाऊन कुत्र्यांना शिकवते, गिरगावच्या चाळीपासून दहिसरच्या टॉवरपर्यंत, आणि हीच तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकलीय. चिकू हट्टी नाही की मठ्ठ नाही, तो अजून ‘बस’ हा शब्द शिकलेलाच नाहीये. तो इतकंच शिकलाय की ताई ओट्यापाशी उभ्या आहेत, डब्याचं झाकण वाजलं, हात वर गेला, आता ढुंगण टेकलं की बिस्किट मिळतं. हे सगळं मिळून त्याच्यासाठी एकच खूण आहे आणि तुमचा शब्द त्यातला एक छोटा तुकडा. पटत नसेल तर आज करून बघा. हॉलमध्ये सोफ्यावर बसा, दोन्ही हात पाठीमागे घ्या, त्याच्याकडे न बघता नेहमीच्या आवाजात ‘बस’ म्हणा. दहातली आठ कुत्री नुसती तोंडाकडे बघत उभी राहतात. किचनमधला डबा नाही, हात नाही, तुम्ही उभ्या पण नाही, मग कशावरून ओळखणार तो. पावलोव नावाच्या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ चं नोबेल पचनसंस्थेच्या कामासाठी मिळालं, आणि कुत्र्यांची लाळ मोजता मोजताच त्याच्या लक्षात आलं होतं की अन्न समोर यायच्या आधी, ते आणणाऱ्या माणसाची चाहूल लागली तरी कुत्र्याला लाळ सुटते. तुमच्या डब्याच्या झाकणाचं तेच झालंय.

तर काम काय, तोच एक शब्द घरातल्या प्रत्येक माणसाकडून आणि बिल्डिंगच्या प्रत्येक जागी खरा करून दाखवायचा. याला दीड-दोन महिने लागतील, पण रोजची मेहनत मिळून १५ मिनिटांपेक्षा जास्त नाही.

आधी शब्द ठरवा. तुम्ही लिहिलंय की तुम्ही ‘बस’ म्हणता, सासूबाई ‘बैस रे बाळा’ म्हणतात, मिस्टर ‘सिट’ म्हणतात आणि मुलगा ‘सिट डाऊन’. चिकूसाठी हे चार वेगळे आवाज आहेत. आणि आपल्या मराठी घरात ‘बस’ची एक खास अडचण आहे जी मला पहिली काही वर्षं कळलीच नव्हती. दिवसभर आपण ‘बस झालं आता’, ‘बस कर’, ‘बस चुकली’ असं बोलत असतो. कुत्रा हा आवाज दिवसातून वीस वेळा ऐकतो आणि वीस वेळा त्याचं काहीच होत नाही, मग तो पंख्याच्या आवाजासारखा होऊन जातो. ‘ये’ आणि ‘थांब’चं तेच, मुलाला आपण दिवसभर तेच म्हणत असतो. म्हणून मी मराठी घरात बहुतेक वेळा ‘सिट’ ठेवते, किंवा सासूबाईंच्या तोंडात बसत असेल तर ‘बैठक’. हो, बैठक, लालबागच्या एका आजींनी हा शब्द काढला होता आणि त्यांचा कुत्रा तो इतका मस्त ऐकायचा की मी नंतर चार घरांत वापरला. बोलवायला ‘ये’ ऐवजी ‘चिकू धाव’ ठेवा, ‘ये’ तसाही त्याच्यासाठी खराब झालाय. थांबवायला ‘स्टे’, तोंडातलं टाकायला ‘सोड’. चारच शब्द, कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, आणि सासूबाईंना हे नियम म्हणून सांगू नका, शब्द त्यांनाच निवडायला सांगा. घरात दिवसभर त्याच असतात, त्यांनी निवडलेला शब्द त्याच टिकवतील.

बिस्किटं बंद करा. ग्लुकोजच्या बिस्किटात साखर असते, त्याचे तुकडे पडतात, आणि चावायला इतका वेळ जातो की तोपर्यंत कुत्रा विसरतो कशाबद्दल मिळालं. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, बोनलेस, चवळीच्या दाण्याएवढे तुकडे. मूठभर चिकनचे शंभर तुकडे होतात, तेवढं त्याच्या जेवणातून कमी करा. बिल्डिंगमध्ये किंवा घरात नॉनव्हेज चालत नसेल तर पनीर, उकडलेलं रताळं. आणि कठीण जागेसाठी, म्हणजे गेटबाहेर वगैरे, काहीतरी वासाचं लागतं, उकडलेली कलेजी किंवा मीठ न लावलेला सुका बोंबील बारीक कातरून. मनुका, बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण यातलं काहीही नाही, एक तुकडासुद्धा नाही, आणि शुगरफ्री च्युइंगम घरात खाली पडू देऊ नका, त्यातलं झायलिटॉल कुत्र्याला जीवघेणं आहे. सासूबाई प्रसादाचा शिरा देत असतील तर त्यातले बेदाणे हे त्यांना नीट समजावून सांगा, प्रेमाने देतात पण किडनीवर जातं.

दुसरी तयारी म्हणजे एक खुणेचा आवाज. मी ‘यस’ वापरते, छोटा, टोकदार. ‘शाब्बास’ कानाला छान वाटतं पण लांब आहे, तोंडातून पूर्ण बाहेर पडेपर्यंत कुत्रा उठलेला असतो. दोन दिवस दुसरं काही करायचं नाही, ‘यस’ म्हणायचं आणि लगेच तुकडा द्यायचा, पंधरा-वीस वेळा, वेगवेगळ्या खोलीत. तो ‘यस’ ऐकून मान झटकन तुमच्याकडे वळवायला लागला की कळलं त्याला. मग हा आवाज कॅमेऱ्याच्या क्लिकसारखा वापरायचा, ढुंगण जमिनीला टेकलं त्याच क्षणी ‘यस’, खाऊ एक-दोन सेकंदांनी दिला तरी चालतो. पण ‘यस’ उशिरा आला की फोटो चुकीचा निघतो, तुम्ही उठण्याबद्दल बक्षीस देऊन बसता आणि मग म्हणता की हा बसून लगेच उठतो.

आता सिट. आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर कुत्र्याचे मागचे पाय सरकतात, लोकांच्या हे लक्षातच येत नाही. बसताना पाय फाकतात, त्याला ते नकोसं होतं, आणि आपण म्हणतो ऐकत नाही. जुनी सतरंजी किंवा मागे रबर असलेलं पायपुसणं घ्या. चिकू उभा असताना तुकडा चिमटीत धरून त्याच्या नाकाला अगदी टेकेल असा ठेवा, आणि हात सावकाश त्याच्या डोक्यावरून मागे, कानांच्या मधल्या दिशेने न्या. नाक वर जातं, मान मागे जाते, आणि तोल सांभाळायला ढुंगण आपोआप खाली येतं. हात उंच नेला तर तो उडी मारेल, तेव्हा हात नाकापासून दोन बोटांच्या वर जाऊ देऊ नका. कमरेवर दाबून बसवू नका, दाबलं की कुत्रा उलटा जोर लावतो, वाढत्या वयात हाडांनाही ते बरं नाही, आणि स्वतः बसण्याचा जो विचार त्याच्या डोक्यात व्हायला हवा तो होतच नाही. तीन-चारदा असं केलं की रिकाम्या हाताने तीच खूण करा आणि खाऊ दुसऱ्या हातातून किंवा शेल्फवरच्या वाटीतून द्या. हे लवकर करा, पहिल्याच दोन दिवसांत, नाहीतर तो ‘हातात दिसतंय का’ हे बघून ठरवायला शिकतो.

आणि शब्द सगळ्यात शेवटी येतो. तो हाताच्या खुणेवर दहापैकी आठ वेळा बसायला लागला की मग आधी ‘सिट’, मनात एक मोजायचं, मग हात. कुत्र्याला आपला हात आपल्या बोलण्यापेक्षा खूप लवकर कळतो, दोन्ही एकदम आलं तर तो हात बघतो आणि शब्द कानावरून जातो, म्हणून मध्ये ती जरा फट हवी. शब्द एकदाच म्हणा. ‘सिट सिट सिट अरे सिट ना’ म्हटलं तर तो तेच शिकतो की चौथ्या वेळी बसायचं. एकदा म्हटलं, नाही बसला, दोन पावलं चाला, जागा बदला, हाताच्या खुणेने सोपं करून घ्या. एका वेळी ३ मिनिटं, दिवसातून ४-५ वेळा, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये होतं.

इथपर्यंत लोक पोचतात, आणि इथेच थांबतात आणि थेट रस्त्यावर नेऊन परीक्षा घेतात. तुमची गोष्ट इथे अडलीय. किचन आणि गेट यांच्या मध्ये तुमच्या बिल्डिंगमध्ये किती टप्पे आहेत ते मोजा. किचन, मग टीव्ही चालू असलेला हॉल, मग दार उघडं ठेवून उंबरठ्याच्या आत, मग पॅसेज, मग चौथ्या आणि पाचव्या मजल्यामधलं लँडिंग, लिफ्टसमोर, खाली लॉबी, वॉचमनच्या खुर्चीपाशी, पार्किंग, गेटच्या आत, गेटच्या बाहेर. अकरा जागा. प्रत्येक नवीन जागी चिकू पहिल्या दिवसाचं पिल्लू आहे असं समजून नाकाला तुकडा लावण्यापासून परत सुरू करायचं. पॅसेजमध्ये पाच मिनिटं लागतील, लँडिंगवर तीन, जसजसे खाली याल तसं त्याच्या डोक्यात बसत जातं की अच्छा, हा शब्द सगळीकडे तोच आहे. दहात आठ बरोबर आले की पुढची जागा, सहाच्या खाली आले की एक जागा मागे, त्यात काही कमीपणा नाही. आणि प्रत्येक माणसाने हे स्वतः करायचं. तुम्ही गेटपर्यंत पोचलात म्हणून मिस्टर पोचले असं होत नाही, त्यांना थोडं मागून यावं लागेल, मुलाला पण, पण मुलाबरोबर फक्त घरात आणि पॅसेजमध्ये, रस्त्यावर लीश त्याच्या हातात देऊ नका.

पाऊस चालू असताना फिरणं होत नाही तेव्हा हे जिन्याचं काम फार छान होतं, कुत्रा दमतोही. पावसाच्या साचलेल्या पाण्यातून त्याला चालवू नका, लेप्टोची (अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लस राहिली असेल तर आधी घ्या. उन्हाळ्यात दुपारी डांबरावर तुमच्या हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा, तुम्हाला ठेववत नसेल तर त्याच्या पंज्यांनाही नाही, सकाळी सातच्या आत किंवा रात्री उतरा.

लिफ्टपाशी सिट आणि स्टे हे मी सगळ्यात जास्त घासून घेते, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. दार उघडलं, कुत्रा आत पळाला, माणूस बाहेर, लीश मध्ये, दार बंद आणि लिफ्ट चालू. जुन्या बिल्डिंगमध्ये जाळीचं दार असतं तिथे वेगळी भीती, शेपूट आणि पंजा. नियम एकच ठेवा, दार उघडलं की चिकू बसलेलाच राहतो, लीश हातभर लांब धरलेली, तुम्ही ‘चल’ म्हटलं की दोघं एकत्र आत. सुरुवातीला दार उघडायचं, तो बसून आहे तोवर ‘यस’ आणि तुकडा, दार बंद, आत जायचंच नाही. दहा वेळा असंच. बाजूचे बघतील काय चाललंय म्हणून, दुपारी तीनच्या सुमाराला करा, लिफ्ट रिकामी असते.

आता ‘ये’ म्हटलं की पळतो, हे. दादरला माझ्याकडे एक लॅब्रेडॉर होती, घरात सावलीसारखी मागे मागे, आणि मैदानात बोलावलं की उलट दिशेने सुटायची. मी तीन दिवस नुसतं बाजूला बसून बघितलं. तिची मालकीण तिला अर्ध्या तासात एकदाच बोलवायची, ‘ये’ म्हणायची, ती यायची, खट्ट करून लीश लागायची आणि घरी. घरी ‘ये’ म्हणजे अंघोळ किंवा कानात औषध. त्या बिचारीने हिशोब बरोबर केला होता. आम्ही काय केलं, नवीन शब्द घेतला, आणि महिनाभर त्या शब्दावर आली की कलेजी, लीश लावायची, परत काढायची, आणि ‘जा खेळ’. दहा वेळा बोलावलं तर नऊ वेळा परत सोडायचं. पाचव्या आठवड्यात ती कावळ्यांच्या मागे धावताना वळून परत आली, तिच्या मालकिणीच्या डोळ्यात पाणी होतं आणि माझ्याही.

चिकूला तेच करा. घरात दोघांनी दोन टोकांना बसून आलटून पालटून ‘चिकू धाव’, आला की तुकडा आणि पट्ट्याला हात लावायचा, मग दुसऱ्याने बोलवायचं. पट्ट्याला हात लावणं यातच घ्या, नाहीतर पुढे येऊन हातभर लांब थांबणारा कुत्रा तयार होतो. खाली फक्त लांब दोरीवर, ५-६ मीटर, सुती आणि जाड, कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी नको, ओढली की तळहात सोलवटतो. दोरी हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीवरून जाणाऱ्या पट्ट्याला बांधा, गळ्याला नाही. जागा म्हणजे सोसायटीचं बंद आवार पहाटे, किंवा ओहोटीला रिकामी चौपाटी. गच्चीवर नको, कठडा कितीही उंच वाटला तरी. आणि कितीही शिकला तरी रस्त्याजवळ मोकळा सोडायचा नाही. बोलावल्यावर उशिरा आला तरी ओरडायचं नाही. तुमचा राग त्याला ‘उशीर केला’ याबद्दल वाटत नाही, ‘आलो’ याबद्दल वाटतो, कारण शेवटी केलेलं तेच असतं. अंघोळ घालायची असेल तेव्हा बोलवू नका, सरळ जाऊन घेऊन या.

‘सोड’ मुंबईत पहिल्या दिवसापासून हवं, कारण आपल्या रस्त्यावर कोंबडीची हाडं, उंदराचं औषध, पिशवीतला शिळा भात, सगळं पडलेलं असतं. बंद मुठीत तुकडा ठेवून मूठ त्याच्यासमोर धरा. चाटेल, पंजा मारेल, तुम्ही गप्प. ज्या क्षणी नाक मागे घेतलं, ‘यस’, आणि दुसऱ्या हातातला, जास्त चांगला तुकडा. मुठीतला कधीच द्यायचा नाही. मग मूठ उघडी, मग तुकडा जमिनीवर पायाने झाकायच्या तयारीत, मग चालता चालता. तोंडात घेतलेलं असेल तर जबडा उचकटू नका, अदलाबदल करा, नाहीतर पुढच्या वेळी तो घाईने गिळून टाकेल.

गल्लीतली कुत्री समोर आली तर काही शिकवायला जाऊ नका. ते त्यांच्या हद्दीत आहेत, चिकू नवखा. खाऊ खिशात, लीश सैल, ‘चल’ म्हणून वळा आणि वाट बदला. दिवाळीत आणि विसर्जनाच्या ढोल-ताशात पण सुट्टी, घाबरलेला कुत्रा शिकत नाही, घरात पंखा आणि टीव्ही लावून त्याच्याजवळ बसा.

चेनबद्दल. सुरुवातीच्या वर्षांत मी वापरलीय, मला तसंच शिकवलं होतं, आणि त्याची खंत मला आजही आहे. एक जर्मन शेफर्ड लहान मुलं दिसली की आनंदाने ओढायचा, मी प्रत्येक वेळी झटका द्यायचे. त्याने ओढणं थांबवलं. दोन महिन्यांनी तो मुलांवर गुरगुरायला लागला. त्याच्या बाजूने बघा, मूल दिसलं की गळा आवळतो, मग मूल वाईट. गळ्याला, श्वासनलिकेला इजा होते ती वेगळीच. कुत्र्याला आपला साहेबपणा दाखवावा लागतो ही समजूत मुळात पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या जुन्या निरीक्षणातून आलीय. डेव्हिड मीच या लांडग्यांच्या अभ्यासकानेच १९९९ मध्ये मांडलं की जंगलातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे सत्तेसाठी रोजची मारामारी नसते. आणि प्राण्यांच्या वागणुकीवर काम करणाऱ्या अमेरिकन व्हेटर्नरी डॉक्टरांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की सगळ्या कुत्र्यांना बक्षिसाच्या पद्धतीनेच शिकवावं.

गावठी शिकत नाही हे तर साफ खोटं. रस्त्यावरच्या आईच्या पोटी आलेलं पिल्लू आजूबाजूचं सगळं टिपत असतं, म्हणून बाहेर त्याचं लक्ष चटकन जातं, पण तेवढ्याच चटकन ते तुमचा हातही टिपतं. वर ७ महिने म्हणजे ऐन वयात आलेला मुलगा, दीड वर्षापर्यंत मध्ये मध्ये सगळं विसरल्यासारखं करेल, तेव्हा दोन जागा मागे या आणि चालू ठेवा.

एक सांगायचं राहिलं. चांगलं ऐकणारा कुत्रा अचानक ऐकेनासा झाला, बसताना कण्हायला लागला किंवा कान हलवत राहिला तर आधी डॉक्टर. कान दुखत असतात, गोचीडताप असतो, कंबर दुखत असते. परळचं प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल १८८० च्या दशकापासून आहे, घराजवळचे डॉक्टर असले तर अजून उत्तम. आणि दात लावायला लागला तर माझ्यासारख्या ट्रेनरच्या आधी वागणुकीचं बघणाऱ्या व्हेटला दाखवा.

या आठवड्यात खाली नेऊन काहीच विचारू नका त्याला, नुसतं फिरवून आणा. वर फक्त ‘यस’, सतरंजीवरचा सिट आणि फ्रिजवरचा कागद. पुढच्या रविवारी पॅसेजमध्ये करून बघा आणि दहात किती आले ते मला कळवा, तुमचे वेगळे आणि सासूबाईंचे वेगळे.